बाळाच्या भोवतालचे धोके घरच्यांना कसे सांगावेत: बालरोगतज्ज्ञांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बाळाला खोकला किती दिवसांपासून आहे, तो रात्री वाढतो का, दूध पिताना दम लागतो का, हे प्रश्न विचारायला प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. त्याच बाळाच्या घरी आंघोळीचे पाणी कशावर तापते हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तरी त्याच्या उत्तराचे पुढे काय करायचे हे कोणी शिकवलेले नसते. परिणामी धूर, शिसे, कीटकनाशके, पाण्यातील फ्लोराइड यांविषयी आपण एक तर काहीच बोलत नाही, किंवा एकदम इतके बोलतो की आई घाबरून घरी जाते आणि तिथे गेल्यावर काहीच बदलत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या, एका बाळामागे जेमतेम पाच-सात मिनिटे मिळणाऱ्या बालरोगतज्ज्ञांसाठी लिहिला आहे. आशा कार्यकर्त्या आणि पालक यांनाही तो उपयोगी पडेल, कारण संवाद दोन्ही बाजूंनी नीट झाला तरच तो फळतो. संपूर्ण लेखामागे एकच धारणा आहे: समोरच्या कुटुंबाच्या हातात असलेली कृती सापडल्याशिवाय धोक्याचे वर्णन सुरू करू नये. ती कृती शोधायची तर आधी घर कसे आहे ते विचारावे लागते, म्हणून सांगण्याची पायरी इथे बरीच उशिरा येते.

मुलांनाच धोका अधिक का, हे थोडक्यात ध्यानात ठेवावे, कारण पालक तो प्रश्न हमखास विचारतात. नवजात बाळ मिनिटाला चाळीसच्या वर श्वास घेते, तर मोठा माणूस बारा ते वीस; वजनाच्या मानाने बाळ अधिक हवा, अधिक पाणी आणि अधिक अन्न शरीरात घेते. रांगते मूल जमिनीवरच्या धुळीत असते आणि त्याचा हात सतत तोंडात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. हे सारे चालू असताना त्याचा मेंदू आणि फुप्फुसे अजून घडत असतात.

पहिली पायरी: आपल्या भागाची यादी तयार ठेवा

जगातले सगळे धोके कोणत्याच डॉक्टरला रोज आठवत नाहीत आणि आठवण्याची गरजही नसते. आपल्याकडे येणारी मुले कोणत्या गावांतून, कोणत्या वस्त्यांतून येतात आणि तिथले चार-पाच ठळक धोके कोणते, एवढे एका कागदावर लिहून मेजाच्या काचेखाली ठेवावे. यवतमाळ, नांदेड किंवा चंद्रपूर जिल्ह्यात बसणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइड असलेच पाहिजे. चंद्रपुरात त्यासोबत कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांमुळे हवेचा प्रश्न आहे; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर तीत होते. कापसाच्या पट्ट्यात फवारणीची औषधे येतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना झालेली विषबाधा अजून लोकांच्या स्मरणात आहे, आणि तिथल्या घरांत औषधाचे रिकामे डबे पुन्हा वापरले जातात का हा प्रश्न मुलांच्या डॉक्टरचाही आहे. मुंबई-पुण्यात बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर आणि चाळीतल्या एका खोलीत चालणारे छोटे उद्योग यादीत हवेत.

दुसरी पायरी: प्रश्न असा विचारा की खरे उत्तर येईल

"घरात धूर होतो का?" या प्रश्नाला बहुतेक वेळा "नाही, गॅस आहे" असे उत्तर मिळते आणि ते प्रामाणिक असते. परंतु स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर किंवा बंबावर, भाकरी तेवढी चुलीवर, सिलिंडर लवकर संपू नये म्हणून डाळही चुलीवर, अशी सरमिसळ असंख्य घरांत असते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोहोचली. सिलिंडर पुन्हा भरून आणणे मात्र दर वेळी परवडतेच असे नाही. म्हणून "धूर" हा शब्द न वापरता कामे विचारावीत: भात कशावर होतो, भाकरी कशावर होते, पाणी कशावर तापते, आणि त्या वेळी बाळ कुठे असते. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण चूल लगेच बदलता येत नसली तरी बाळाची जागा आज संध्याकाळीच बदलता येते.

हीच पद्धत इतर विषयांनाही लागू पडते. "घरात कोणी सिगारेट ओढते का?" असे वडिलांच्या आईसमोर विचारले तर उत्तर ठरलेले असते. "घरात किंवा शेजारी विडी-सिगारेट ओढणारे कोणी बाळाला उचलून घेते का?" असे विचारल्याने कोणावर बोट रोखले जात नाही. नोकरीविषयी नुसते "काय करता?" असे विचारून भागत नाही, "कामावर हाताला काय लागते, आणि कामाचे कपडे कुठे बदलता?" असे विचारावे. बॅटरी दुरुस्ती, रंगकाम, भंगार, सोन्या-चांदीची आटणी, फवारणी ही कामे या एका प्रश्नात उघड होतात.

काजळाबद्दल विचारताना ते घरी धरलेले आहे की विकत आणलेले आणि त्याच्यासोबत सुरमाही लावला जातो का, हे वेगवेगळे विचारावे. तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ ही मुख्यतः काजळी असते. काही सुरम्यांत मात्र शिशाचे खनिजच असते. डोळ्यांना जंतुसंसर्ग होण्याच्या भीतीने घरचे काजळही डोळ्यांत घालू नये असेच आपण सांगणार, पण दोन्हींना एकच लेबल लावले तर आजी आपल्यावरचा विश्वास गमावतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. गुटी, भस्मे, चूर्णे यांबाबत "देशी औषध देता का?" असे न विचारता "बाळाला दूध सोडून जे जे चाटवता ते पुढच्या वेळी पिशवीत घालून घेऊन या" असे सांगावे. डबी हातात आली की तिच्यावर निर्मात्याचे नाव आहे की नाही, हे तरी कळते.

हे सगळे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायचे नाहीत. पहिल्या लसीकरणाच्या वेळी पाणी, धूर आणि वडिलांचे काम. मूल रांगू लागले की जमीन, रंग आणि घरातली रसायने. वारंवार खोकला किंवा रक्तक्षय असेल तर त्याला लागून असलेले प्रश्न, असे वाटून घेतले की एका भेटीत दीड मिनिटाहून अधिक वेळ जात नाही.

तिसरी पायरी: घरात निर्णय कोणाचा, ते ओळखा आणि त्यांच्याशी बोला

आई बाळाला मांडीवर घेऊन समोर बसलेली असते म्हणून आपण तिच्याशी बोलतो, पण तान्ह्या बाळाच्या संगोपनाचे अनेक निर्णय शेजारी उभ्या असलेल्या आजींचे असतात. त्यांना वगळून आईला केलेला उपदेश म्हणजे त्या सुनेला घरी जाऊन भांडायला लावणे होय. आजींना खुर्ची द्यावी आणि त्यांनाच पहिला प्रश्न विचारावा.

शेक-शेगडी आणि धुरी हे याचे उत्तम उदाहरण आहे. आंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून त्या धुरावर बाळाला धरण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत पाळली जाते. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात, भाजण्याचा धोका तर असतोच. ही पद्धत थांबावी याविषयी डॉक्टरच्या मनात शंका नसावी. तरीही "हे अडाणीपणाचे आहे" या अर्थाचा एक शब्द जरी तोंडून गेला, तरी पुढच्या भेटीत "धुरी बंद केली" असे खोटे उत्तर मिळेल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. धुरीमागचा हेतू बाळाला ऊब मिळावी आणि अंग कोरडे राहावे हा असतो, आणि तो हेतू वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. तिथूनच सुरुवात करावी: "आजी, बाळाला ऊब हवीच, त्यात तुमचे बरोबर आहे. ऊब राहू द्या, धूर तेवढा टाळू या. अंग पुसून कोरडे केले, टोपी घातली आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून गोधडी घेतली, की शेगडीपेक्षा चांगली ऊब मिळते."

यावर "आमची सगळी पोरे धुरीवरच वाढली, डॉक्टर" हे उत्तर येणारच, आणि ते आल्यावर आकडेवारी मांडण्याचा मोह आवरावा. त्या काळात जी बाळे दगावली त्यांची आठवण अनेक आजींच्या मनात असते; ती उकरून वाद जिंकण्यात शहाणपण नाही. पटवण्याचे कारण या बाळातच शोधावे: "वाढली हे खरे आहे. पण आपले हे बाळ वेळेआधी आले आहे, वजन दोन किलो आहे, आणि छातीत आताच घरघर आहे. याच्या फुप्फुसांना धूर सोसणार नाही." सामान्य नियमाविरुद्ध आजींकडे अनुभव असतो, या एका नातवाविषयी डॉक्टरचे तपासणे अधिक वजनदार ठरते. शिवाय धुरी बंद करण्याचा निर्णय आजींनीच जाहीर करावा अशी वाट मोकळी राहते, आणि सून-सासूचा वाद होत नाही.

चौथी पायरी: धोक्याचे आकारमान कळेल असे सांगा

धोका "आहे" की "नाही" एवढेच सांगितले तर सगळे धोके सारखे वाटू लागतात. पालकांना तीन गोष्टी कळायला हव्यात: धोका किती मोठा आहे, तो आजचा आहे की हळूहळू साचणारा, आणि तो आपल्या हातात किती आहे. भाषा साधी असावी. "सूक्ष्म धूलिकण" म्हटल्यावर चेहरा कोरा राहिला तर "डोळ्यांना न दिसणारी, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी काजळी" म्हणावे.

ओळखीच्या गोष्टीशी केलेली तुलना फार कामी येते, फक्त ती खरी असावी. डासांच्या कॉइलवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे पीएम २.५ कण (म्हणजे हेच सूक्ष्म धूलिकण) ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असू शकतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे तत्कालीन संचालक डॉ. संदीप साळवी हेच "एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी" असे सांगत आले, आणि ते लोकांच्या लक्षात राहिले. परंतु ही तुलना सांगून थांबणे धोक्याचे आहे, कारण कॉइल बंद केल्यावर डास राहतातच आणि डेंग्यू-मलेरियाची भीती काल्पनिक नाही. म्हणून त्याच वाक्यात मच्छरदाणी आली पाहिजे: "कॉइलऐवजी बाळाला मच्छरदाणीत झोपवा, तीही नीट खोचून." एक धोका हटवताना दुसरा मोकळा सोडला तर कुटुंब आपले ऐकत नाही, आणि ते योग्यच करते.

आकडे सांगण्याची एक कसोटी अमेरिकेतील फ्लिंट शहराच्या घटनेत दिसते. एप्रिल २०१४ मध्ये मिशिगन राज्यातील या शहराचा पाणीपुरवठा बदलून नदीतून सुरू झाला, पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया झाली नाही, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अटिशा यांनी आपल्या रुग्णालयातील मुलांच्या रक्ताचे अहवाल तपासले आणि २४ सप्टेंबर २०१५ रोजी पत्रकार परिषदेत ते मांडले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी ते फेटाळले, थोड्याच दिवसांत मान्य केले, आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपुरवठा पूर्ववत झाला. डॉ. हन्ना-अटिशा यांच्या प्रसिद्ध अभ्यासात, रक्तातील शिसे ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असलेल्या लहान मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. हेच "दुप्पट झाले" असेही सांगता येते आणि "शंभरातल्या दोन-तीन मुलांऐवजी आता पाच मुले" असेही. दोन्ही खरे आहे, पण परिणाम वेगळा होतो. प्रशासनाला जागे करायचे असेल तेव्हा "दुप्पट" हा शब्द योग्य आहे. समोर बसलेल्या एका आईला मात्र शंभर मुलांचा हिशेब सांगावा, कारण आपले मूल त्या पाचांत आहे की पंचाण्णवांत, हे तपासणीनेच कळेल ही पुढची पायरी तिला त्यातून लगेच दिसते.

पाचवी पायरी: शिशाचा अहवाल आल्यावर

शिशावर थोडे अधिक थांबतो, कारण भारतात या विषयावर बालरोगतज्ज्ञ कमी बोलतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असावे, आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी भारतातील असावीत. पेट्रोलमधील शिसे आपल्याकडे २००० मध्ये बंद झाले. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. याचा अर्थ त्याआधी रंगवलेल्या भिंती, खिडक्या, पाळणे आणि खेळणी अजून घरात आहेत. बाकीचे मार्ग म्हणजे बॅटरीचे काम, सुरमा, निर्मात्याचा पत्ता नसलेली भस्मे, कल्हईच्या कथिलातील भेसळ, आणि पिवळाधमक रंग चढवलेली हळद.

अहवाल हातात देण्यापूर्वी आकड्याचा अर्थ आपल्याला स्पष्ट हवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये ५ हे संदर्भमूल्य ठरवले आणि २०२१ मध्ये ते ३.५ वर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ किंवा अधिक आकडा आल्यास शिशाचा उगम शोधून तो थांबवावा असे सांगितले. ३.५ हा आकडा अमेरिकेतल्या लहान मुलांपैकी सर्वाधिक शिसे असलेल्या अडीच टक्क्यांना वेगळे काढतो. त्याखाली सगळे सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही, कारण शिशाची निर्धोक पातळी अद्याप सापडलेली नाही. बोटातून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त आला तर तो शिरेतील रक्तावर पडताळल्याशिवाय पालकांना निदान सांगू नये. बोटाला लागलेली धूळही आकडा वाढवते.

समजा, दोन वर्षांची मुलगी रक्तक्षयासाठी आली, वडील बॅटरीच्या दुकानात कामाला आहेत, आणि पडताळलेला आकडा ८ आहे. बोलणे साधारण असे व्हावे.

"ताई, बाळाच्या रक्तात शिसे थोडे जास्त आहे. आठ आले आहे. ते साडेतीनच्या खाली यायला हवे. आज दवाखान्यात ठेवण्याची गरज नाही, पण हे शिसे कुठून येते ते आपल्याला थांबवायचे आहे."

इथे थांबावे. पुढचे वाक्य आईचे असू द्यावे, कारण तिला सर्वांत आधी कशाची भीती वाटते ते तिच्याच तोंडून कळते. बहुधा प्रश्न येतो: "म्हणजे हिचे डोके कमी चालेल का?"

याला "काही होत नाही" असे उत्तर देणे खोटे आहे आणि "बुद्ध्यांक घटतो" असे देणे क्रूर आहे. "शिशाचा परिणाम मुलांच्या शिकण्यावर आणि लक्ष लागण्यावर होऊ शकतो, म्हणून तर आपण आजपासूनच कामाला लागतो. एका आकड्यावरून एका मुलीचे पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही. तिच्याशी भरपूर बोला, गाणी म्हणा, तिला खेळू द्या. तिची वाढ मी दर भेटीत पाहीन." यात लपवाछपवी नाही, आणि आईच्या हाती काहीतरी येते.

मग वडील. त्यांच्या कामाकडे बोट दाखवताना रोजीरोटीचा प्रश्न उभा राहतो, आणि अपराधी वाटलेला बाप पुढच्या वेळी येत नाही. "दादा, तुमच्या कामात शिसे असते, ते कपड्यांवर बसून घरी येते, हे कोणालाही दिसत नाही. कामाचे कपडे आणि बूट दुकानातच ठेवा, हातपाय आणि तोंड धुऊनच मुलीला उचला. तुमच्याही रक्ताची एकदा तपासणी करू." शेवटचे वाक्य विसरू नये, आपली काळजी घेणाऱ्या डॉक्टरचे माणूस ऐकतो.

आजच्यासाठी दोन कामे पुरे: कामाचे कपडे, आणि घरात झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे. लोहाचे औषध रक्तक्षयासाठी द्यायचेच आहे, आणि लोह कमी असले की शिसे अधिक शोषले जाते, त्यामुळे तेही इथे उपयोगी पडते. नाचणी, पालेभाजी, लिंबू यांविषयी पुढच्या भेटीत बोलता येईल. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तिची तारीख आजच फाईलवर लिहायची.

"औषधाने शिसे बाहेर काढता येत नाही का?" हा प्रश्नही येतो. शिसे खेचून काढणारी औषधे सामान्यतः ४५ किंवा त्याहून अधिक पातळीला, रुग्णालयातील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली विचारात घेतली जातात. ८ ला त्यांचा उपयोग नाही आणि अपाय होऊ शकतो. केसांच्या तपासण्या, औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासण्या आणि "शरीर शुद्ध करणारी" पेये यांवर पैसे घालवू नका, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. घाबरलेले पालक नेमके तिकडेच वळतात.

सहावी पायरी: पाण्याबाबत "उकळून प्या" म्हणण्याआधी थांबा

आपल्या तोंडात बसलेला हा सल्ला जंतूंसाठी उत्तम आहे आणि रसायनांसाठी चुकीचा. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळल्याने जात नाहीत. पाणी आटून त्यांचे प्रमाण उलट वाढते. घरातला साधा मेणबत्ती फिल्टरही त्यांना अडवत नाही. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात पावडरचे दूध कालवले तर तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि बाळ निळसर पडते.

म्हणून आधी पाणी कुठले ते विचारावे, मग तपासणीचा मार्ग सांगावा: ग्रामपंचायतीमार्फत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. निकाल वाईट आला तरी "हे पाणी वापरू नका" असे मोघम सांगू नये. आंघोळ, कपडे, भांडी यांसाठी ते पाणी चालते. पिण्याला आणि स्वयंपाकाला, त्यातही लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या वाट्याला, वेगळे पाणी हवे. दोन कळशा वेगळ्या आणणे जमते, दहा जमत नाहीत. सहा महिन्यांखालील बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, या जुन्या सल्ल्याला इथे आणखी एक भक्कम कारण मिळते, कारण आईच्या दुधात फ्लोराइड फारच कमी उतरते.

सातवी पायरी: हवा वाईट असलेल्या दिवसांचे नियोजन

दम्याच्या मुलांच्या पालकांना हवेचा निर्देशांक वाचायला शिकवावे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'सफर' प्रणालीवर आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर तो मिळतो. २०० च्या वर आकडा गेला की मैदानावरचा धावण्याचा खेळ घरात आणावा, ३०० च्या वर सकाळची शाळेची कवायत टाळण्याविषयी शिक्षकांना चिठ्ठी द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोजचा पंप (इनहेलर) चुकवू नये, कारण "पंपाची सवय लागते" या समजुतीने अनेक घरांत तो नेमका दिवाळीच्या आसपास बंद केलेला असतो. फटाक्यांविषयी सरसकट बंदी कोणी ऐकत नाही. पण चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीत सर्वाधिक सूक्ष्म कण सापाच्या गोळीतून निघाले, आणि ती निरुपद्रवी समजून सर्वांत लहान मुलांच्या हाती दिली जाते, एवढे सांगितले तर पालक चमकतात. दोन वर्षांखालील मुलांना मास्क लावू नये.

आठवी पायरी: समजले का ते तपासा आणि लिहून द्या

"समजले ना?" याचे उत्तर कायम "हो" असते. त्याऐवजी आपल्यावर घ्यावे: "मी नीट सांगितले की नाही ते बघायचे आहे, घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?" यातून जे येते ते अनेकदा आपल्याला चकित करते. "ओल्या फडक्याने पुसा" याचे "रोज फिनेल टाका" झालेले असते, आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.

त्यानंतर औषधांच्या खाली, औषधाच्याच अक्षरात, मराठीत एक ओळ लिहावी: "कामाचे कपडे दुकानातच. रोज ओले पुसणे. पुन्हा तपासणी: तारीख." छापील पत्रकांपेक्षा ही हाताने लिहिलेली ओळ अधिक पाळली जाते, कारण ती त्या बाळासाठी लिहिलेली असते. मग तिचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो, तो भाग निराळा. गावातली आशा ओळखीची असेल तर तिलाही तीच ओळ सांगावी, म्हणजे घरी दोन वेगवेगळे सल्ले जात नाहीत.

नववी पायरी: जे घराच्या हातात नाही, ते घरावर लादू नका

भाड्याच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे, शेजारचा भट्टीचा कारखाना, गावाची एकमेव बोअर, बाजारातील भेसळ: यांवर आईला उपाय विचारणे अन्याय आहे. तिला स्पष्ट सांगावे की हे तुमचे काम नाही, यातले माझे काम मी करतो. घरमालकाला किंवा ग्रामपंचायतीला डॉक्टरच्या लेटरहेडवर दिलेले चार ओळींचे पत्र, शाळेला दिलेली सूचना, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे केलेली लेखी तक्रार, हे सारे उपचाराचाच भाग आहे. बाजाराच्या पातळीवर काय होऊ शकते ते बांगलादेशात दिसले: २०१९ मध्ये तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते, संशोधकांनी ते उघड केले, सरकारने जनजागृती आणि कारवाई केली, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. तिथल्या कोणत्याही आईला हळद घरात तपासून हे करता आले नसते.

यासाठी दवाखान्यात एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, गाव किंवा गल्ली, मुलाचे वय, संशयित उगम आणि तपासणीचा आकडा एवढेच रकाने असावेत. वही बाहेर दाखवावी लागेल म्हणून मुलांची नावे तीत नकोत. डॉ. हन्ना-अटिशा यांच्या हाती नवे यंत्र नव्हते, आधीच झालेल्या तपासण्यांचे अहवाल होते. एकाच गल्लीतल्या दुसऱ्या मुलाची नोंद झाली की तिथल्या आशेला विचारावे, आणि तिसरी झाली की त्याच दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्याची प्रत वहीला टाचावी.